पायांच्या दुर्गंधीवर चिनी पद्धतीचे पादस्नान: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

आले आणि चिनी वनौषधींची पुडी घातलेल्या कढत पाण्यात रोज रात्री अर्धा तास पाय बुडवून बसलो, तरी बुटांतून येणारा वास कमी झाला नाही, उलट बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोंधळ असतो. चिनी घरांतून पायांसाठी दोन वेगळे उपचार चालतात. पहिला म्हणजे ‘पाओच्याओ’, म्हणजे झोपण्यापूर्वी गार पडलेल्या पायांना ऊब देण्यासाठी घोट्यांच्या वरपर्यंत गरम पाण्यात बसणे. यात आले आणि आइ-ये ही दवण्याच्या कुळातली पाने घालतात आणि अंगाला हलकासा घाम सुटला की थांबतात. दुसरा उपचार घामट, वास येणाऱ्या पायांसाठी असतो. त्यात पाणी कोमट असते, वेळ थोडा असतो, घटक तुरट किंवा आंबट असतात, आणि खरे काम पाय पाण्याबाहेर काढल्यानंतर सुरू होते. पहिला उपचार दुसऱ्याच्या जागी केला, तर जो घाम कमी करायचा तोच वाढतो.

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. तळव्यावरचे जिवाणू घामातल्या आणि मृत त्वचेतल्या ल्यूसीन या अमिनो आम्लाचे विघटन करून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार करतात आणि त्याचा आंबूस वास येतो. ब्रेव्हिबॅक्टेरियम या प्रजातीचे जिवाणू गंधकयुक्त वायू सोडतात. काही उग्र वासाची चीजही याच प्रजातीच्या जिवाणूंमुळे तशी वासते, त्यामुळे ‘मोज्यांना चीजसारखा वास येतो’ ही तक्रार अक्षरशः खरी आहे. ओल, भिजून मऊ झालेली मृत त्वचा आणि जिवाणू या तीन गोष्टी कमी करायच्या आहेत, हे लक्षात ठेवले की पुढच्या प्रत्येक पायरीचे कारण आपोआप कळते.

१. आधी पाय तपासावेत

तपासणी दिवसाच्या उजेडात, पाय धुण्यापूर्वी आणि ते कोरडे असताना करावी. ओल्या पायावर सगळीच त्वचा पांढरट दिसते आणि निदान चुकते.

त्वचा अखंड असेल, खाज नसेल, फक्त घाम आणि वास असेल, तर खालील घरगुती उपाय करण्यास हरकत नाही. चौथ्या-पाचव्या बोटाच्या बेचक्यात पांढरी, भिजल्यासारखी, सोलणारी कातडी आणि खाज असेल, तर त्या बहुधा बुरशीमुळे झालेल्या चिखल्या आहेत. तिथे पादस्नानाने फार तर स्वच्छता होते. बुरशीवर टर्बिनाफाइन किंवा मायकोनाझोलसारखे मलम लागते आणि चीनमधली औषधदुकानेही अशा रुग्णाला तेच देतात. टाचेवर किंवा चवड्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील आणि वास अतिशय उग्र असेल, तर तो जिवाणूंचा एक विशिष्ट संसर्ग असतो. तो डॉक्टरांनी दिलेल्या लावण्याच्या प्रतिजैविकाने लवकर बरा होतो, त्यामुळे तिथे औषधी पाण्यात महिना घालवू नये. भेगांतून रक्त येत असेल किंवा जखम असेल, तर व्हिनेगर आणि तुरटी दोन्ही वर्ज्य समजावीत.

चिनी वैद्यकात घामट, खाजऱ्या, वास येणाऱ्या पायांचे कारण ‘दमट उष्णता खाली उतरणे’ असे सांगतात आणि त्यासाठी थंड गुणाची द्रव्ये निवडतात. गार, कोरड्या पायांसाठी उष्ण गुणाचे आले व आइ-ये असतात. ही परिभाषा मानायची की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी निवडीसाठी ती उपयोगी पडते, कारण घामट पायाला आल्याचे पाणी देऊ नये हेच ती सांगते.

*इशारा:* मधुमेह असणाऱ्यांनी, विशेषतः तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांनी, पाय पाण्यात भिजवत बसूच नये. चटका कळत नाही आणि मऊ झालेल्या त्वचेतून संसर्ग शिरतो. त्यांनी पाय फक्त कोमट पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावेत. पायांतील रक्ताभिसरण मंद असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तयार पुड्या वापरू नयेत. अशा अनेक पुड्यांत ‘होंगह्वा’, म्हणजे करडईची फुले, असतात.

२. भांडी आणि साहित्य

एका माणसाला एक घमेले आणि एक पंचा हा नियम मोडू नये. एकाच घमेल्यात घरातल्या सगळ्यांनी पाळीपाळीने पाय बुडवणे दिसायला घरगुती वाटते, पण एकाची बुरशी सगळ्यांना वाटण्याचा तो सोपा मार्ग आहे. सपाताही वेगळ्या असाव्यात.

काढा करण्यासाठी मातीचे, स्टीलचे किंवा इनॅमलचे भांडे घ्यावे. लोखंडी कढईत चहा उकळला तर त्यातले टॅनिन आणि लोह एकत्र येऊन शाईसारखे काळे पाणी होते आणि ते नखांवर डाग पाडते. व्हिनेगर ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ओतू नये. याखेरीज सुती फडक्याची लहान पुरचुंडी, गाळणी, पाण्याचे तापमान मोजणारा साधा थर्मामीटर, मोठा पंचा आणि बेचक्यांसाठी एक पातळ सुती फडके एवढे जवळ हवे.

घटकांपैकी चहापत्ती, तुरटी, मीठ, मुळा आणि पांढरे व्हिनेगर सगळीकडे मिळतात. ‘ह्वाच्याओ’, म्हणजे सिचुआन मिरी, ही कोकण-गोव्यात माशांच्या कालवणात पडणाऱ्या तिरफळांची सख्खी नातलग आहे. दोन्हींची प्रजाती एकच, झँथोझायलम. तरीही ह्वाच्याओच्या वजनाने तिरफळे घेऊ नयेत, कारण दोन्हींतील तेलांचे प्रमाण सारखे नसते. आइ-ये आणि जोतिबाला वाहिला जाणारा दवणा यांच्याबाबतही हेच लागू पडते.

३. एकच कृती निवडावी

चहा, तुरटी, व्हिनेगर, मीठ, आले हे सगळे एकाच घमेल्यात ढकलणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. अधिक घटक म्हणजे अधिक गुण असे होत नाही. चहातले टॅनिन आणि तुरटीतले ॲल्युमिनियम एकमेकांना बांधून टाकतात, पाणी गढूळ होते आणि दोघांचाही तुरटपणा वाया जातो. एक कृती सात दिवस करून पाहावी, मगच दुसरीकडे वळावे.

चहाचे पाणी. सुरुवात यापासून करावी असे माझे मत आहे. साधारण १५ ग्रॅम काळी चहापत्ती अर्धा लिटर पाण्यात १५ मिनिटे उकळावी, गाळावी आणि त्यात दीड ते दोन लिटर साधे पाणी मिसळावे. टॅनिनमुळे त्वचेचा वरचा थर किंचित आवळतो आणि घाम कमी झिरपतो. दूध-साखर पडलेल्या चहाचा उरलेला चोथा वापरू नये. साखर म्हणजे जिवाणूंना दिलेली मेजवानीच. फिकट रंगाचे पंचे वापरणाऱ्यांनी डागांची तयारी ठेवावी.

तुरटीचे पाणी. तुरटीला चिनीत ‘बाइफान’ म्हणतात. सुमारे १० ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे, तुरटीची पूड दोन लिटर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवावी. तुरटी काढ्यात घालून उकळत बसू नये. काढा करायचाच असेल तर तो गाळून कोमट झाल्यावर ती घालावी. न विरघळलेले खडे त्वचेला ओरखडतात, म्हणून घमेल्याच्या तळाशी बोट फिरवून पाहावे.

ह्वाच्याओ आणि मीठ. २० ग्रॅम ह्वाच्याओ पुरचुंडीत सैल बांधून दीड लिटर गार पाण्यात २० मिनिटे भिजत ठेवावी, मग मोठ्या आचेवर उकळी आणावी आणि झाकण ठेवून मंद आचेवर १० ते १५ मिनिटे राहू द्यावी. झाकण विसरले तर सुगंधी तेल वाफेबरोबर निघून जाते आणि हाती तपकिरी पाणी उरते. उतरवल्यावर एक मोठा चमचा मीठ घालावे आणि पाणी मिसळून कोमट करावे. चिनी घरांत हीच पुरचुंडी आठवडाभर पुन्हा पुन्हा उकळतात. रोज उन्हात ती खडखडीत वाळत असेल तर ठीक. न्हाणीघरात ओली लटकत असेल तर दुसऱ्या दिवशी टाकून द्यावी, नाही तर बुरशी धुण्यासाठी बुरशीच उकळली असे होते.

मुळ्याचे पाणी. अर्ध्या पांढऱ्या मुळ्याच्या चकत्या मोठ्या आचेवर तीन मिनिटे आणि मंद आचेवर आणखी पाच मिनिटे उकळून ते पाणी कोमट करून वापरतात. सर्व कृतींत ही सौम्य आहे, आणि माझ्या मते सर्वांत कमी परिणामाचीही. नाजूक त्वचा असणाऱ्यांनी हिच्यापासून सुरुवात करावी.

व्हिनेगर. फक्त पांढरे व्हिनेगर घ्यावे. शान्शी प्रांतातले जुने व्हिनेगर किंवा चन्च्यांगचे काळे व्हिनेगर स्वयंपाकासाठी उत्तम असते, पण त्यातील धान्याचा अंश आणि रंग पायाला नको. बाटलीवरची आम्लता ४ ते ६ टक्के असेल तर पहिल्या वेळी एक माप व्हिनेगरला चार मापे पाणी घ्यावे. चुणचुणले नाही तर पुढे दोन मापांपर्यंत उतरावे, त्याखाली मात्र नाही.

*इशारा:* ग्लेशिअल ॲसेटिक आम्ल (जवळजवळ शुद्ध, अतिशय तीव्र आम्ल) किंवा ‘व्हिनेगर इसेन्स’ हे खाद्य व्हिनेगर नव्हे. पायाच्या बुरशीवर ते लावून त्वचा भाजून घेणारे लोक चीनमध्येही आहेत. बाटलीवर टक्केवारी छापलेली नसेल तर ती बाटली वापरू नये.

औषधदुकानांतून मिळणारी ‘कूशन’ आणि ‘ह्वांगबो’ ही कडू, थंड गुणाची द्रव्ये खाजऱ्या, घामट पायांसाठी काढ्यात घेतात. ती जाणकाराच्या सल्ल्याने घ्यावीत आणि मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. ‘जूग्वांग सान’ नावाची तयार पूड पुष्कळांना निव्वळ वनस्पतींची वाटते. प्रत्यक्षात तिच्यात कूशनबरोबर सॅलिसिलिक आम्ल, बेन्झॉइक आम्ल आणि बोरिक आम्ल असते. तिने जाड त्वचेची सालपटे निघणे अपेक्षितच असते. ओल्या, सोललेल्या बेचक्यांवर ती मुळीच वापरू नये.

४. भिजवण्यापूर्वी धुणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि दिवसभराची धूळ, घाम, मोज्यांचे धागे घेऊन औषधी पाण्यात उतरतात. मग तुरट द्रव्य त्या थरावरच खर्ची पडते. आधी कोमट पाणी आणि साधा साबण घेऊन तळवे, प्रत्येक बेचके आणि नखांच्या कडा धुवाव्यात. नखांसाठी मऊ ब्रश वापरावा. साबण पूर्ण निघेपर्यंत पाय खळबळून घ्यावेत, कारण साबण अल्कधर्मी असतो आणि उरला तर व्हिनेगर निष्प्रभ करतो.

*पडताळणी:* बेचक्यात बोट फिरवले असता बुळबुळीत लागत नसेल, तरच पुढे जावे.

५. भिजवणे

जेवणानंतर निदान एक तास जाऊ द्यावा आणि मद्य घेतलेले असताना हे करू नये. पाण्याचे तापमान ३६ ते ३८ अंश सेल्सिअस असावे. थर्मामीटर नसेल तर तपासणीसाठी पाय न वापरता मनगटाची आतली बाजू वापरावी. ह्वाच्याओ वापरताना हे विशेष पाळावे, कारण तिच्यातील सान्शूल हे द्रव्य झिणझिण्या आणते आणि झिणझिणणाऱ्या त्वचेचा तापमानाचा अंदाज भरवशाचा नसतो.

वासाच्या उपचारात पाणी पोटरीपर्यंत असण्याची गरज नाही. तळवा, बोटे आणि पायाच्या कडा बुडाल्या की पुरे. बोटे पसरून अधूनमधून हलवावीत, म्हणजे पाणी बेचक्यांत फिरते. वेळ १० ते १५ मिनिटे ठेवावी. बोटांच्या टोकांवर सुरकुत्या दिसू लागल्या किंवा कपाळावर घाम आला, तर घड्याळ काहीही सांगत असो, थांबावे.

पाय घमेल्यात असताना किटलीतून उकळते पाणी वाढवू नये. पाणी गार झाले तर पाय बाहेर काढून मगच ते मिसळावे. पाण्याचा रंग गडद झाला म्हणजे शरीरातील विषे बाहेर पडली, असा प्रचार पुड्या विकणारे करतात. तो रंग पुडीतल्या पाला-सालींचा असतो आणि पाय न बुडवताही तसाच येतो.

चहा किंवा तुरटीच्या पाण्यानंतर पाय पुन्हा धुऊ नयेत. व्हिनेगर, मीठ आणि ह्वाच्याओनंतर साध्या पाण्याने खळबळून घ्यावेत. पहिले सात दिवस रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा एवढे पुरते. व्हिनेगर मात्र सुरुवातीपासूनच एक दिवसाआड.

६. कोरडे करणे

सर्व पायऱ्यांत ही महत्त्वाची आहे आणि हिलाच सर्वांत कमी वेळ दिला जातो. भिजलेली त्वचा जिवाणू आणि बुरशी दोघांनाही मऊ अंथरुणासारखी मिळते. ती तशीच मोज्यात कोंबली तर पादस्नान न केलेले बरे. आधी पंच्याने पाय टिपावेत, घासू नयेत. नंतर पातळ फडके प्रत्येक बेचक्यात घालून ओल शोषून घ्यावी. त्यानंतर १५ ते २० मिनिटे पाय उघडे ठेवून पंख्याखाली बसावे. पावसाळ्यात हवाच ओली असते तेव्हा केस वाळवण्याचे यंत्र गार हवेवर ठेवून वापरता येते, गरम हवेवर नाही.

घाम फार येत असेल तर चिनी पद्धतीत तुरटीची लाही वापरतात. तुरटीचा खडा तापलेल्या तव्यावर फुलवून, गार झाल्यावर तिची वस्त्रगाळ पूड करावी आणि चिमूटभर पूड सकाळी कोरड्या तळव्यावर चोळावी. ज्या दिवशी तुरटीच्या पाण्यात पाय भिजवले असतील त्या दिवशी ही पूड लावू नये, कारण त्वचा कोरडी पडून तडकते. ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या गोळ्या कुटून बुटांत किंवा बोटांमध्ये टाकण्याचा तोडगा चीनमध्ये फार पसरलेला आहे. काही दिवस वास जातोही, पण प्रतिजैविकाचा असा वापर जिवाणूंना निर्ढावतो आणि बुरशीवर त्याचा काही परिणाम होत नाही. तो करू नये.

७. बूट आणि मोजे त्याच दिवशी

स्वच्छ केलेला पाय कालच्याच बुटात घातला, तर संध्याकाळपर्यंत सगळे पूर्वपदावर येते. म्हणून ज्या दिवशी उपचार सुरू करायचा, त्याच दिवशी बुटांचेही काम करावे. निदान दोन जोड असावेत आणि एकदा वापरलेल्या जोडाला पूर्ण एक दिवस विश्रांती द्यावी. आतले तळवे काढून वेगळे वाळवावेत. चीनमधले हाताने शिवलेले सुती तळवे याच कारणासाठी सोयीचे असतात, कारण ते काढून धुता येतात. आपल्याकडच्या बुटांत चिकटवलेले तळवे असतील तर वर सुती तळवा घालावा आणि तो दर दोन दिवसांनी बदलावा. मोजे रोज बदलावेत आणि धुताना उलटे करावेत, कारण मृत त्वचा आतल्या बाजूला असते.

बुटांत ठेवण्यासाठी वापरून कडकडीत वाळवलेल्या चहापत्तीची पुरचुंडी किंवा बांबूच्या कोळशाची पिशवी चालते. कोळशाची पिशवी दोन-तीन आठवड्यांनी काही तास उन्हात ठेवावी लागते. तशी न ठेवता वर्षभर बुटात पडलेली पिशवी म्हणजे नुसते वजन. पपनसाच्या वाळलेल्या साली वास झाकतात, घालवत नाहीत. डांबरगोळ्या बुटांत टाकू नयेत: त्यातील नॅफ्थलीनमुळे जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात आणि तान्ह्या मुलांना धोका अधिक असतो.

यांगत्सेच्या खोऱ्यात जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत ‘मेइयू’चा रिपरिप पाऊस लागतो आणि भिंतींवर, कपाटांत, चपलांवर बुरशी धरते. कोकणातला किंवा मुंबईतला जुलै काढलेल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. अशा काळात चामडी बूट बाजूला ठेवून लवकर वाळणारी उघडी पादत्राणे घालावीत आणि ओले मोजे कामाच्या जागी बदलण्यासाठी सुका जोड पिशवीत ठेवावा.

८. टाचा आणि नखे

जाड, मृत त्वचा वासाचे कच्चे खाद्य असल्याने ती हळूहळू कमी करावी. पादस्नानानंतर टाच किंचित मऊ असताना वजरीने एकाच दिशेने, हलक्या हाताने घासावे. आठवड्यातून एकदा पुरे. यांगचौ शहरातले पाय तासणारे कारागीर सुरीने कुरूप काढतात ते वर्षानुवर्षांच्या सरावावर. ब्लेड घेऊन त्यांची नक्कल घरी करू नये. भेगांवर चिनी घरांत शिंपल्यात भरून मिळणारे ‘गली-यो’ हे मलम लावतात. पेट्रोलियम जेलीनेही तेच काम होते. ते टाचेपुरते ठेवावे आणि बेचक्यांत जाऊ देऊ नये. नखे सरळ रेषेत कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत.

९. केव्हा थांबावे

जळजळ, पुरळ किंवा त्वचेची सालपटे दिसली तर उपचार त्याच दिवशी बंद करून पाय फक्त साध्या पाण्याने धुवावेत. बूट-मोज्यांची शिस्त पाळूनही तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. लाली पावलाकडून वर सरकत असेल, पाय सुजून गरम लागत असेल किंवा ताप असेल, तर तीन आठवड्यांचा हिशेब न करता लगेच जावे. तपासणीला जाताना वापरलेल्या पुडीचे वेष्टन बरोबर न्यावे, कारण त्यात सॅलिसिलिक आम्ल होते की नाही यावरून सालपटांचा अर्थ बदलतो. बुरशीच्या तपासणीसाठी त्वचा खरवडून घ्यायची असेल, तर कोणते मलम केव्हापासून लावले तेही आधीच सांगावे.